धुआँ कोणाची

“दीदी, धुआँ तुला घाबरते काय?”

तोंड माझं होतं, पण प्रश्न रश्मी आणि प्रणालीचा. आमचा तिघींचा नियम असा, की सदर बाजारातल्या पाणीपुरीच्या ठेल्यावर सगळ्यात तिखट फुलकी खायची आणि जिच्या डोळ्यांत आधी पाणी येईल तिने बाकी दोघी सांगतील ते डेअर करायचं. त्या शनिवारी मी हरले. डेअर होतं, गीतांजलीदीदीला तबेल्यात, चार लोकांसमोर हे विचारायचं. रश्मी तर फोन काढून उभी होती, भांडण झालंच तर व्हिडिओ पाहिजे म्हणून.

गेल्या वर्षापर्यंत मी असली मुलगी नव्हते. नववीत हजेरीच्या वेळी माझा आवाज घशातच राहायचा, आणि वर्गात बसलेली असताना दोनदा माझी गैरहजेरी लागली. मग बाबांनी मला छावणीच्या कडेला असलेल्या रायडिंग क्लबात घातलं. घोड्याशी पुटपुटून चालत नाही. ‘थांब’ म्हणायचं तर पोटातून म्हणावं लागतं, नाहीतर तो तुम्हाला घेऊन थेट कडब्याच्या ढिगापाशी जातो. सहा महिन्यांत माझा आवाज सुटला. आता अकरावीत मला गप्प करायला दोन मॅडम लागतात.

तर, धुआँ. क्लबाची घोडी, राखाडी, शेपटीकडे पांढरी होत गेलेली. भेडाघाटच्या धुआँधार धबधब्यावरून तिचं नाव ठेवलं, कारण शिंगरू असताना ती तशीच कोसळत धावायची. क्लबात सहा घोडे आहेत, पण उडी म्हणजे धुआँचीच. अडथळ्याच्या अलीकडे ती एक श्वास घेते, आणि मग वाटतं की जमीनच खाली गेली. मला हे माहीत आहे, कारण मंगळवारी आणि शुक्रवारी अर्धा तास ती मला मिळायची. उरलेले सगळे दिवस ती गीतांजलीदीदीची.

दीदी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, कॉलेजात पहिल्या वर्षाला. तिचे कानपुरी चामड्याचे बूट स्वतःचे आहेत. हेल्मेट काढलं तरी तिची वेणी जशीच्या तशी, आणि माझे केस म्हणजे चिमणीने घरटं अर्धं टाकून दिल्यासारखे. हे सगळं मी सोडून दिलं असतं. सोडता येत नव्हती ती एकच गोष्ट. दीदीची स्कूटी फाटकाशी वळली की धुआँ तबेल्याच्या आतून खिंकाळायची. एवढ्या गाड्या येतात-जातात, पण हिला तीच ओळखू यायची. मी एक महिना माझी सायकल मुद्दाम दीदीच्या जागेवर लावून पाहिली. घोडीने कान हलवला तर शपथ.

पण स्पर्धेच्या दिवशी हीच घोडी दीदीला तोंडघशी पाडत होती, आणि म्हणून तो प्रश्न. घरच्या मैदानात लोण्यासारखी पळणारी धुआँ स्पर्धेच्या रिंगणाच्या दाराशी आली की पाय रोवायची. मान वर, डोळ्यांचं पांढरं दिसतंय, घामाने काळी पडलेली. घंटा झाली की ठरलेल्या वेळात आत शिरावं लागतं, नाहीतर बाद. ती शिरायचीच नाही. मार्चमध्ये एकदा, पंधरा ऑगस्टच्या शोला पुन्हा. सगळे उपाय झाले. दोन दिवस आधी नेऊन रिकाम्या मैदानात फिरवलं, तिथे बाई मजेत चरल्या. सोबत क्लबातला म्हातारा घोडा नवाब उभा केला. कानात कापूस घातला. शेवटी क्लबाचे मालक बापूसाहेब म्हणाले, की लगामातून घोड्याला माणसाचं मन कळतं, गीतांजली, तूच आत घाबरून असशील.

म्हणजे मी विचारलं ते क्लबात सगळेच मनात विचारत होते. दीदी घोडीला खरारा करत होती. तिचा हात थांबला. रश्मीने फोन वर केला.

“घाबरतही असेल गं,” दीदी म्हणाली. “मलाच समजून नाही राहिलं, मी काय चुकून राहिली ते.”

आणि पुन्हा खरारा सुरू. भांडण नाही, काही नाही. रश्मीने तो व्हिडिओ तिथेच पुसला. मला मात्र वाटलं, की हिला साधं चिडतासुद्धा येत नाही का, का तेसुद्धा हिला माझ्यापेक्षा छान जमतं.

आता बापूसाहेबांच्या रीतीबद्दल सांगायला पाहिजे. ते घोडदळातले निवृत्त रिसालदार, आणि त्यांचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांबरोबर इकडे आलेले. त्यांच्या घराण्यात घोडा मोहिमेवर निघाला की त्याला ओवाळतात. आता मोहिमा नाहीत, तर स्पर्धा. स्वार घोड्यावर बसला की रिंगणाच्या दाराशी एका मुलीने थाळी घेऊन यायचं, घोड्याच्या कपाळाला कुंकू लावायचं, कापूर पेटवून ओवाळायचं, अक्षता टाकायच्या आणि पुढच्या पायांपाशी दगडावर नारळ फोडायचा. नारळ एका फटक्यात फुटला तर शुभ.

ती मुलगी म्हणजे मी. माझा हात जड आहे, नारळ एकाच फटक्यात फुटतो. लोक टाळ्या वाजवतात. घोडीवर ती आणि थाळी माझ्या हातात, या वाटणीबद्दल मला राग होता, पण टाळ्यांपुरती का होईना ती दोन मिनिटं माझी असायची. जानेवारीत मी पहिल्यांदा फोडला तेव्हा करवंटीचा एक तुकडा उडून धुआँच्या नडगीला लागला होता. इवलंसं रक्त आलं. हळद लावली, आणि सगळे विसरले.

सगळे म्हणजे माणसं.

सप्टेंबरात आमच्या मंडळाचा गणपती बसला. पाचव्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला कापराचं तबक माझ्याकडे होतं. आरती झाली, तशीच सायकल काढून क्लबात गेले, कारण शुक्रवार होता, माझा अर्धा तास. धुआँच्या खणात शिरले आणि नेहमीसारखा तळवा पुढे केला. घामाचं मीठ चाटायला तिला आवडतं.

ती चाटायला आलीच नाही. नाकपुड्या पेल्याएवढ्या झाल्या, मागे सरत सरत भिंतीला जाऊन टेकली, आणि तिचं सगळं अंग थरथरू लागलं. मी आधी पायाशी साप आहे का ते पाहिलं. मग हौदावर जाऊन हात धुतले आणि परत आले. थरथर कमी, पण ती माझ्या बाहीकडे पाहत होती. मी बाहीचा वास घेतला. कापूर.

खिशात कापराची डबी तशीच होती. मी झाकण अर्धं उघडलं. धुआँने भिंतीवर अशी लाथ हाणली की शेजारचा नवाब दचकून उठला.

गणिताचं उत्तर मागच्या पानावर सापडावं तसं मला सगळं एका क्षणात दिसलं. रिकाम्या मैदानात ती काहून शांत असते. स्पर्धेच्या दिवशी दारापर्यंत काहून ठीक असते. दारात काय असतं. कापूर असतो, थाळी असते, मी असते. हिला दीदी घाबरवत नव्हती आणि गर्दीही घाबरवत नव्हती. कापराचा वास आला की पाठोपाठ पायावर काहीतरी फुटतं आणि लागतं, एवढं साधं तिने लक्षात ठेवलं होतं. आणि ते फोडणारा हात माझा होता.

मी धावत बाहेर निघाले होते, खरंच. बापूसाहेब ऑफिसात होते, वीस पावलांवर. तेवढ्यात फाटकाशी स्कूटी वळली. आणि आत, अजून थरथरत असलेली ती घोडी, दीदीच्या स्कूटीचा आवाज ऐकून खिंकाळली. इतक्या हक्काने, जशी काही तक्रारच सांगून राहिली होती.

मी तोंड मिटलं.

सायकलवर घरी येईपर्यंत माझी योजना तयार होती. बापूसाहेबांनी सांगून ठेवलं होतं, की दसऱ्यानंतरच्या रविवारी शहरातली निवड स्पर्धा आहे, आणि त्यात धुआँ पुन्हा अडली तर डिसेंबरात भोपाळच्या राज्य स्पर्धेत क्लबाची जी एक जागा असते, तिथे धुआँवर गीतांजली नाही, शरयू बसेल, म्हणजे मी. मी काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं, ज्याचा मला नववीपर्यंतचा अनुभव होता. मग घोडी माझी, आणि कापराचं रहस्यही माझं. मी तिला बरी करीन आणि लोक म्हणतील, जे गीतांजलीला वर्षभरात जमलं नाही ते या पोरीने महिन्यात केलं. मी ही वाक्यं सायकलवर मोठ्याने म्हणून पाहिली. गोरखपूर मोहल्ल्याच्या चौकात एका काकांनी वळून पाहिलं.

दसऱ्यानंतरच्या त्या रविवारी मी थाळी घेऊन रिंगणाच्या दाराशी उभी होते. कापूर विसरले म्हणता आलं असतं, डबी माझ्याच खिशात होती. दीदी धुआँवर बसलेली, तिच्या मानेवर हात फिरवत काहीतरी हळू बोलत होती. मी काडी ओढली. कापूर पेटला. घोडीच्या मानेवरची शीर उडताना मला दिसली. मी ओवाळलं, अक्षता टाकल्या, आणि नारळ फोडला. एका फटक्यात. टाळ्या पडल्या.

धुआँ तीनदा मागे गेली, चौथ्यांदा गोल फिरली, आणि वेळ संपली. माइकवरून दीदीचं नाव बाद म्हणून पुकारलं गेलं, आडनावासकट.

दीदी उतरली. तिने घोडीला चाबूक सोडा, शब्दसुद्धा लावला नाही. खोगिराचा तंग सैल केला, लगाम डोक्यावरून पुढे घेतला, म्हणाली, “चल, घरी जाऊ,” आणि सगळ्या गर्दीतून तिला चालवत घेऊन गेली. मला वाटलं होतं मला आनंद होईल. आणि झाला. खोटं कशाला सांगू. त्या आनंदाच्या खाली काहीतरी टोचत होतं, चपलेत खडा गेल्यासारखं, पण चालता येत होतं.

दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांनी माझं नाव जाहीर केलं. आईने खव्याची जिलेबी आणली. बाबांनी नागपूरला तिन्ही काकांना फोन केले आणि प्रत्येकाला घोडीची उंची सांगितली. आई म्हणाली, भोपाळला मी स्वतः येईन ओवाळायला, आपल्या पोरीला दुसऱ्या कोणी काहून ओवाळावं.

इथे माझी योजना थोडी लंगडली. मी मनात धरलं होतं, की माझ्या वेळी कापूर नको म्हणू. पण आईला नको म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. बापूसाहेबांना नको म्हणायचं तर त्यांच्या सात पिढ्यांना कारण सांगावं लागणार. वर भोपाळला दुसऱ्या क्लबांचे लोकही उदबत्त्या, कापूर लावणारच. म्हणजे घोडीला खरोखरच बरं करावं लागणार होतं.

मी बापूसाहेबांना आडून विचारलं, की फौजेत घोड्यांना तोफेच्या आवाजाची सवय कशी करतात. ते खूश झाले. म्हणाले, बेटा, दाण्याच्या वेळी. तोबऱ्यात तोंड असताना लांबवर एक बार काढायचा, इतका लांब की घोड्याने फक्त कान टवकारावा. खाणं थांबवलं तर समजायचं, आपण जास्त जवळ आलो. रोज थोडं जवळ. घाई केली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी सहाला जाऊ लागले. पत्र्याच्या डब्यात कापराची वडी पेटवायची, मैदानाच्या टोकाला लिंबाखाली ठेवायची, आणि धुआँपुढे गूळ घातलेला दाणा. पहिल्या दिवशी वाऱ्याची झुळूक आली तशी तिने तोंड वर केलं आणि पाच मिनिटं खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, झालंच की, आणि मी डबा एकदम वीस पावलं पुढे आणला. तिने बादली लाथेने उडवली, दोर तोडला, आणि दिवसभर माझ्या हातचं गाजरसुद्धा घेतलं नाही.

तिच्या डोक्यापाशी कोणीतरी हवं होतं, ती ज्याचं ऐकते असं. असं एकच माणूस होतं, आणि ते कठड्याला टेकून उभं होतं. घोडी हातची गेली तरी दीदी रोज खरारा करायला येत होती. हेही मला आवडत नव्हतं. मी तिच्या जागी असते तर तोंड दाखवलं नसतं.

तिने डब्याकडे पाहिलं आणि विचारलं, कापूर कशाला. मी सांगितलं. नडगी, करवंटी, वास, सगळं. सांगताना मी डब्याची कडी वाजवत होते, कारण तिच्याकडे पाहायचं नव्हतं.

“तुला केव्हा समजलं?”

“आत्ताच,” मी म्हटलं. “त्या रविवारनंतर.”

दीदी उलट्या बादलीवर बसली. ती हसत होती, आणि हसता हसता तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ओढणी नव्हती म्हणून बाहीने पुसत होती.

“म्हणजे माझ्यामुळे नव्हतं,” ती म्हणाली. “मी दिवाळीनंतर सोडूनच देणार होती शरयू. वाटे, माझ्यात काहीतरी आहे जे घोड्यालाही नाही सहन होत.”

मग ती उठली आणि तिने मला मिठी मारली. तिच्या सदऱ्याला धुआँचा वास होता. मला चपलेतला तो खडा आता सरळ टाचेत घुसल्यासारखा वाटला, आणि तरी मी एवढंच म्हटलं, की उद्यापासून तू डोकं धरशील काय.

त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून केलं. ती डोक्यापाशी, मी डबा घेऊन. ती घोडीचा कान पाहून सांगायची, बस, आज इथपर्यंत. मला घाई व्हायची, तिला कधीच नाही. दिवाळीच्या फटाक्यांचे चार दिवस पूर्ण सुट्टी, तेही तिनेच ठरवलं. मग थाळी आणली, रिकामी, नुसता आवाज. मग थाळीत कुंकू. नारळाला आम्ही फार भ्यायलो होतो. तो मी आधी गोदामाच्या मागे फोडला, मग गोदामाच्या दारात, प्रत्येक वेळी गोणपाटात गुंडाळून, म्हणजे तुकडा उडायला नको. बापूसाहेबांनी एकदा ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं. बाहेर आले, सगळं ऐकलं, आणि बराच वेळ धुआँच्या नडगीवरून हात फिरवत राहिले. आमच्या घराण्यात नारळ गोणपाटातच फुटेल यापुढे, असं म्हणाले आणि आत गेले. त्यांनीही विचारलं नाही, केव्हा समजलं. ते विचारण्याआधीच दीदीने सांगून टाकलं होतं, शरयूने निवड स्पर्धेनंतर शोधून काढलं, किती हुशार आहे. भोपाळचं नाव बदला, असं मात्र तिनेही म्हटलं नाही आणि मीही नाही.

दिवाळीनंतर एकविसाव्या दिवशी धुआँने थाळीत तोंड घातलं आणि कुंकवाच्या अक्षता चाटून खाल्ल्या. तिचं नाक लाल झालं. आम्ही दोघी इतकं हसलो की नवाबही पाहू लागला. आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं, की घोडीने नाक पुसलं ते दीदीच्या खांद्याला. माझा खांदाही तेवढ्याच अंतरावर होता.

गेल्या रविवारी बापूसाहेबांनी शहपुऱ्याला एका शाळेच्या मैदानावर खोटी खोटी स्पर्धा ठेवली. भोंगा, झेंडे, घंटा, फुगेवाला, बघायला अर्धा बाजार. धुआँवर मी. थाळी घेऊन दीदी. तिने हे काम कधी केलं नव्हतं, कुंकू लावताना तिचा हात थोडा चुकला. कापूर पेटला. माझ्या मांड्यांखाली घोडीचं पोट एकदा ताठ झालं. दीदीने मोठा श्वास सोडला, आणि घोडीनेही सोडला. गोणपाटात नारळ फुटला, ‘ठप’ असा आवाज आला, आणि धुआँ दारातून आत गेली, जशी रोज आपल्या खणात जाते.

आठ उड्या. एक दांडी पडली, ती माझ्या चुकीने. बाकी सगळं तिने केलं. लोक ओरडत होते आणि माझं नाव भोंग्यावर दोनदा घेतलं गेलं. बाहेर येताना मी दीदीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी वर, ती खाली थाळी धरून, म्हणजे माझीच जुनी जागा. तिथून कसं वाटतं ते मला पाठ आहे. मी तिच्या चेहऱ्यावर तेच शोधलं, अगदी बारीक नजरेने. नव्हतं. ती धुआँच्या नाकावरचं कुंकू पुसत होती. तेवढा हेवा मला तिच्या बुटांचा, वेणीचा, कशाचाच कधी वाटला नव्हता.

सोमवारी शाळा सुटल्यावर रश्मी आणि प्रणालीने मला सदरला ओढून नेलं. फुलकी खाताना या वेळीही माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिखटाचं होतं असं मी ठरवून टाकलं. डेअर तयारच होतं. दीदीला विचारायचं, आता थाळी धरताना कसं वाटतं? दोघी खिदळत होत्या. तसं पाहिलं तर पहिल्या प्रश्नापेक्षा हा सौम्यच होता. पण मला दिसलं, की मी हे विचारलं तर ती खरं उत्तर देईल. म्हणेल, छान वाटतं, धुआँ बरी झाली ना. आणि मग एखाद वेळी तीही मला काही विचारेल, आणि तेव्हा मला पुन्हा तेच खोटं सांगावं लागेल.

मी डेअर घेतलं नाही. प्रणाली म्हणाली, असं चालत नाही, नियम आहे. मी फुलकीचा द्रोण ठेवला आणि सायकल काढली.

घरी आई नवी थाळी घासत होती, चांदीचं पाणी दिलेली, खास भोपाळसाठी आणलेली. बाबा तीन तिकिटांचं आरक्षण झालं की नाही ते फोनवर पाहत होते. मला पाहून म्हणाले, खिडकीची जागा मिळाली बघ, आमच्या स्वाराला.

मी दप्तरसुद्धा काढलं नाही. नववीतली मी असते तर खोलीत जाऊन चिठ्ठी लिहिली असती. मी पोटातून बोलले, घोड्याशी बोलतात तसं.

“आई, बाबा, थांबा थोडं. धुआँ कापराला घाबरते हे मला गणपतीतच समजलं होतं. निवड स्पर्धेनंतर नाही, महिनाभर आधी. मी मुद्दाम गप्प राहिली, घोडी मला पाहिजे होती म्हणून. माहीत असूनही मी कापूर पेटवला. उद्या सकाळी सहाला मी हे दीदीला सांगणार आहे, आणि मग बापूसाहेबांना. भोपाळला धुआँवर दीदी बसेल. तिकिटं रद्द नका करू बाबा, मी पण येणार आहे. दीदीने येऊ दिलं तर थाळी मी धरीन, नाहीतर बादली. आणि आई, तू मला आत्ता गुणाची पोर म्हणू नको. मी अजूनही जळून राहिली आहे.”